थोडी खरखर ठेवा

—नाही नाही, ती तार उपटू नका, भाऊ, हात लावू नका तिला, आधी माझं ऐकून घ्या. बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय डुगडुगतो, इकडे स्टुलावर बसा. तुमची ती नव्या फोनची डबी तेवढी टेबलावर ठेवा, जोडायची की नाही ते मी सांगते. मला कळतंय हो, जुनी लाईन कायमची बंद होणार, तीन पत्रं आली, दाराला चिकटवूनसुद्धा गेले, सगळ्या गल्लीतली तांब्याची तार काढणार, आता इंटरनेटवरचा फोन घ्या नाहीतर तोंड मिटून बसा — कळतंय. म्हणून तर चार कंपन्यांची माणसं येऊन गेली माझ्याकडे. तुम्ही पाचवे. पहिला म्हणाला, बाई, आवाज असा की समोर बसून बोलल्यासारखा. मी म्हटलं, नको. दुसरा म्हणाला, मागचा सगळा गोंगाट आमचं मशीन पुसून टाकतं, पंख्याची घरघरसुद्धा पलीकडे जाणार नाही. त्याला तर मी पाणीही विचारलं नाही. हसताय काय? तुम्हाला का बोलावलं सांगू? तुमच्याबद्दल लोकांनी मोबाइलवर काय काय लिहून ठेवलंय ते वाचलं म्हणून! 'आवाज तुटतो.' 'विहिरीतून बोलल्यासारखं येतं.' 'समोर कोण बोलतंय तेच ओळखू येत नाही.' पाचांपैकी एक तारा दिलाय तुम्हाला, तोही रागानं. मी म्हटलं, सापडली, हीच आपली कंपनी, आणि त्याच दुपारी फॉर्म भरून टाकला.

काय? सुधारलं? कधी सुधारलं? गेल्या महिन्यात — सगळी यंत्रणा नवीन. वा. इतके दिवस थांबलात ते थांबलात, आणखी थोडं थांबला असतात तर काय बिघडलं असतं तुमचं? नाही, मी चिडत नाहीये. घाबरलेय मी. चार वाजायला किती अवकाश आहे? पंचवीस मिनिटं ना? मग होईल काहीतरी. तुमच्याकडे एखादी जुनी डबी नाही का, परत आलेली, तक्रारीची? थोडी खरखर असलेली? खरखर चालेल हो मला. खरखरच पाहिजे.

सांगते. आता इतकं बोलले तर सांगूनच टाकते. रोज चारला एक फोन येतो. मावशींचा — माझ्या नाही, आमच्या ह्यांच्या मावशी, सासूबाईंची धाकटी बहीण. शहाऐंशी वर्षांच्या आहेत, लेकाकडे असतात, आगगाडीनं दीड दिवस लागतो तिकडे जायला. पंधरा वर्षं दोघी बहिणींचा रोज चारला फोन. काय बोलायच्या? काही नाही. आज काय शिजवलं, गुडघे काय म्हणतात, शेजारीण कशी नाक मुरडते — तेच तेच, आणि हसायच्या अशा की जणू पहिल्यांदाच ऐकतायत. आणि सासूबाई — सासूबाई आठ महिन्यांपूर्वी गेल्या. हो. नाही, मावशींना नाही माहीत. अहो, कसं माहीत नाही म्हणजे? कोणी सांगितलं नाही म्हणून माहीत नाही! महिनाभर आधीच त्यांच्या छातीचं ऑपरेशन झालेलं, त्यांचा लेक म्हणाला, वहिनी, इतक्यात नको, धक्का सोसायचा नाही, मी बेतानं सांगतो. त्याचं बेतानं अजून चाललंय.

आणि मग दुसऱ्या दिवशी चारला फोन वाजला. वाजतच राहिला. मी उचलला तो सांगायचं म्हणूनच उचलला हो, पण घसा बसलेला, नुसतं 'हॅलो' म्हटलं तर तिकडून, 'ताई, आवाज का गं असा? सर्दी झाली का?' आणि मी म्हटलं, 'हो.' एवढंच. ते एक 'हो' मी आठ महिने निस्तरतेय. मावशींचे कान अजून तिखट आहेत, बरं का, भिंतीपलीकडचं बोलणं ऐकतील — पण ही तार! कढईत काहीतरी तळत ठेवल्यासारखी सारखी चरचर, मध्येच आवाज बुडायचा, मध्येच वर यायचा. तिनं मला सांभाळून घेतलं. बाकी मग सवय झाली. सासूबाई वाक्याच्या शेवटी दम लागल्यासारखं 'हं' म्हणायच्या, ते उचललं. मावशींना 'चिमे' म्हणायच्या — शहाऐंशी वर्षांची चिमी! — ते उचललं. आता मी भाजीवाल्याशी बोलताना पण 'हं' म्हणते.

ह्यांना? ह्यांना माहीत आहे. सुरुवातीला म्हणाले, तू सुरू केलंस, तूच निस्तर, मला त्यात ओढू नकोस. आणि एकदा कामावरून लवकर आले. मी इथे, या टेबलाशी, पाठमोरी, मावशींना सांगतेय, 'चिमे, औषध वेळेवर घे गं, हट्ट करू नकोस.' वळून बघते तर दारात हे. हातात पिशवी तशीच. तसेच न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून बसले. मला वाटलं, आता रागावणार. तर दुसऱ्या दिवशी साडेतीनलाच हजर! तुम्ही बसलायत त्याच स्टुलावर, पायात बूट तसेच, मान खाली. नुसतं ऐकायचं. आठवडाभर आले असे. माणूस आईचा आवाज ऐकायला कामावरून सुट्टी घेऊन घरी येतो आणि तो आवाज बायकोच्या तोंडून निघतोय — मी काय करायचं होतं, सांगा ना? शेवटी मीच म्हटलं, उद्यापासून येऊ नका, मला बोलता येत नाही तुमच्यासमोर. तेव्हापासून येत नाहीत. जेवताना मात्र विचारतात, 'आज काय म्हणाली मावशी?' मावशी काय म्हणाली हे विचारायचं नसतं त्यांना. आई काय म्हणाली ते विचारायचं असतं.

आणि मी कुठे जाऊ शकत नाही. माझ्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तिनं बोलावलं, दोन दिवस ये म्हणाली, मी गेले नाही. काय सांगू तिला? मला चारला सासू व्हायचं असतं? मावशी तर मलाच विचारतात, सून नीट वागते ना गं? मग मला माझ्याबद्दल बोलावं लागतं. पहिल्या वेळी म्हटलं, 'बरी आहे.' तर मावशी म्हणाल्या, 'बरी काय? तूच म्हणायचीस ना, तोंडानं फटकळ आहे, पण मी पडले तेव्हा एकटीनं उचललं तिनं मला.' बावीस वर्षं त्या बाईनं मला तोंडावर कधी बरं म्हटलं नाही, भाऊ. फोनवर म्हणायची. मी तिकडे स्वयंपाकघरात असायचे, मला काय ऐकू येणार!

किती उरली? दहा मिनिटं? — काय म्हणालात? आमचा नंबर तुमच्याकडे आलासुद्धा? म्हणजे सकाळीच जुन्या तारेवरून या डबीवर आला? अहो, मग मघापासून मी कोणती तार धरून बसलेय? थांबा, बघू दे. … खरंच की. काहीच नाही. चरचरसुद्धा नाही. भाऊ, तुम्ही आल्या आल्या का नाही हो सांगितलंत? बरं, बरं, मीच बोलत होते, तुमची चूक नाही. जोडा. आता न जोडून करणार काय — फोन लागला नाही तर त्या घाबरून जातील, ते आणखी वाईट. जोडा. आणि तुमच्या मोबाइलवरून एकदा लावून दाखवा, जिन्यात जाऊन बोला.

हॅलो? … बाई गं. अहो, तुम्ही श्वास घेताय तो ऐकू येतोय. खिशातल्या किल्ल्या वाजल्या त्या ऐकू आल्या. या, या आत. नाही जमणार हे. वेग कमी करा ना याचा, असतं ना काहीतरी, तुमच्या ऑफिसातून करतात ते? इंटरनेट अर्धवट सोडा. रुमाल गुंडाळू का रिसीव्हरला? नळ सोडून ठेवू? नाही, नळाचा आवाज तर तुमचंही मशीन पुसून टाकेल, बरोबर. मग असं करा, तुम्हीच उचला. सांगा, या घरातली माणसं सोडून गेली. चुकीचा नंबर म्हणा. का? तुमचं काय जातंय? खोटं बोलायचं नाही म्हणता — मी काय हौसेनं बोलतेय? दुसरं गिऱ्हाईक थांबलंय? थांबू दे त्याला. त्याला चांगला आवाज पाहिजे असेल, त्याला काय घाई! पाच मिनिटं बसा, भाऊ, पाया पडते. एकटीनं नाही होणार माझ्याच्यानं.

वाजला. घंटासुद्धा वेगळी आहे मेल्याची. बसा. उठू नका.

हॅलो. … हं, चिमे. … अगं मीच. कोण म्हणजे? … घसा जरा … नाही गं, फोन नवीन घेतला ना, म्हणून तसं वाटतंय. … हो, मलाही स्पष्ट येतंय. … मीच गं, ताई. … चिमे, ऐक, चिमे …

हो, मावशी. सून बोलतेय.

'ताईला दे' म्हणतायत, भाऊ.

मावशी, तुम्ही बसून बोलताय ना? जवळ कोणी आहे? बोलवा त्यांना. … नाही, झोपल्या नाहीत. … नाही देता येत. … मावशी, नाही हो देता येत मला. आठ महिने झाले. … मी. रोज मीच होते. … दुसऱ्या दिवसापासून — नाही. दुसऱ्या दिवशी नाही, किती खोटं बोलू आता, त्याच दिवशी. तुम्ही सर्दी झाली का म्हणून विचारलंत ना, तेव्हा त्या आत पलंगावर होत्या. अर्धा तास झाला होता जाऊन. घरात मी एकटी. आणि तीन वाजता, मावशी, तीन वाजता त्या मला म्हणाल्या होत्या, चिमीला फोन लाव. त्यांचे हात थरथरायचे, त्यांना आकडे दाबता यायचे नाहीत. दोनदा म्हणाल्या. मी धुणं धूत होते, हात ओले होते माझे, मी म्हटलं, चारला येईलच की त्यांचा, एक तास धीर धरवत नाही का तुम्हाला? असं म्हटलं. वैतागून म्हटलं. मग गप्पच झाल्या. … म्हणून मी उचलला. तुम्ही ताई म्हणालात आणि मला 'नाही' म्हणवलं नाही …

काय?

नाही, मावशी. काय सांगायचं होतं ते … मी विचारलंच नाही.

भाऊ, तुम्ही जा आता. नाही, फोन बंद नाही पडला. चालू आहे. सगळं ऐकू येतंय. जा, दार ओढून घ्या.