मेरिमॅक ऊर्फ व्हर्जिनिया

हेरंब : नाही म्हणून सांगितलं मी. म्हटलं, या क्वार्टरमध्ये विनया बर्वे नावाची कुणी बाई राहत नाही. मी आणि माझी मिसेस वसुधा, बस.

वसुधा : पोलिसांना असं सांगितलंत?

हेरंब : मग काय सांगू? सेक्टर पंधराच्या बसथांब्यावर बेवारस पिशवी सापडली. दोरी बांधून लांबून ओढली त्यांनी. आत एक वही आणि युनिव्हर्सिटीचं कार्ड. कार्डावर नाव ते, पत्ता आपला.

वसुधा : वहीत काय होतं म्हणाले?

हेरंब : लोखंडी पत्रे, दारूगोळा, खाडीचा नकाशा. आणि ‘अकरा मे, पहाटे उडवली’. आज वीस एप्रिल. इथल्या पंजाबी पोलिसांना मराठीतला भूतकाळ कुठून कळणार? ‘उडव’ तेवढं बरोबर वाचलं. हसतेस काय?

वसुधा : बोट आहे हो ती. अमेरिकेतल्या यादवी युद्धातली, सव्वाशे वर्षांपूर्वीची. उत्तरेची होती. गोदी सोडताना त्यांनीच जाळून बुडवली. दक्षिणवाल्यांनी वर काढली, चार इंच लोखंड चढवलं आणि मेरिमॅकचं नाव बदलून व्हर्जिनिया केलं.

हेरंब : तुला कसं ठाऊक? तू तर दुपारी शिवणाच्या क्लासला जातेस.

वसुधा : दीड वर्षात एक ब्लाउज तरी शिवलेला पाहिलात?

हेरंब : नाही पाहिला. विचारलं नाही, इतकंच. म्हणजे वही तुझी.

वसुधा : एम. फिल. करतेय. तुम्हाला विचारलं होतं, तुम्ही म्हणालात, असल्या बॉम्ब-गोळीबाराच्या दिवसांत घरात बसावं, पुढच्या बदलीनंतर बघू.

हेरंब : आणि विनया?

वसुधा : पदवी त्या माहेरच्या नावाची आहे. ताम्हणात तांदळावर वसुधा तुम्ही लिहिलंत, पण पत्रिकेत विनयाच छापलं होतं. खरंच लक्षात आलं नाही, की आलं म्हणूनच नाही म्हणालात?

हेरंब : सेंट्रल गव्हर्नमेंटची नोकरी आहे माझी. दारात दोन बंदुका. भीती वाटली.

वसुधा : म्हणजे आलं होतं.

हेरंब : तू चोरून जात होतीस, ते काहीच नाही का?

वसुधा : आहे ना. चूकच ती माझी. पण तुमच्याबद्दल कुणी विचारलं असतं, तर मी नाही म्हटलं नसतं.

हेरंब : बोटीला शेवटी कुणी उडवलं?

वसुधा : तिच्याच माणसांनी. शत्रूच्या हाती लागेल म्हणून.

हेरंब : पाच वाजता परत येणार आहेत ते. सांगू, कार्ड कुणीतरी चोरून आपला पत्ता लिहिला.

वसुधा : मी आत्ताच चौकीवर जातेय. वही माझी आहे.

हेरंब : एकटी नको जाऊस. आत घेतील तुला. येतो मी, सांगतो, चुकून बोललो.

वसुधा : चुकून नको. भ्यालात, ते सांगा. भिऊन नाही म्हणणं त्यांना रोजचं आहे. मला नव्हतं.