आप्पांचा निकाल

लोकशाहीचं मला सांगू नका. लग्नानंतर महिन्याभरात आमच्या घरात माझ्या नोकरीवर मतदान झालं. चाकणच्या कंपनीत रुजू व्हायची ती सकाळ. सासरे, म्हणजे आप्पा, आणि दीर म्हणाले, घरीच बस. सासूबाई म्हणाल्या, काम कर, पण भोसरीत. नवरा म्हणाला, वाकडला बघ. मी चाकणवर ठाम.

आप्पांनी मांडीवर थाप मारली. "आमची दोन, बाकीच्यांचं एकेक. लागला निकाल!"

"पण आप्पा, काम कर म्हणणारे तिघं आहेत."

"तुमची मतं फुटली, त्याला आमी काय करणार? आपला नगरसेवक असाच निवडून आलाय."

खाली कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला. मी डबा उचलला.

"मग ज्याची जेवढी मतं, त्याला तेवढा वाटा. तुम्ही दोघं घरी बसा, आप्पा. मी निघाले."