सुट्टीचा उखाणा

(परळ, गिरणीमागची चाळ. रविवारची दुपार टळलेली. तुळसाच्या मांडीवर एक लांबलचक कागद. बाजूला तिचा नवरा गुणाजी आणि शेजारची रघूची आई.)

रघूची आई : म्हणजे गिरणीवाल्यांच्या सभेत भाषण करायला गेलीस आणि उखाणा घेऊन आलीस?

तुळसा : हसा, काकी. अख्खं मैदान हसलंय, तुम्ही तेवढ्या राहिला होतात.

रघूची आई : चार दिवस हंड्यासमोर उभी राहून घोकत होतीस ना गो? मला भिंतीपलीकडे पाठ झालं. 'साहेब लोकहो, आम्ही रीळखात्यात सूत गुंडाळणाऱ्या बाया, आम्हाला रविवारची सुट्टी द्या...'

तुळसा : हंडा मध्येच काही विचारत नव्हता. तिथं माचावर चढले, तर चष्मेवाला कारकून म्हणतो, आधी नवऱ्याचं नाव सांग, अर्जावर घालायचंय. खाली पाच हजार पुरुष. यांचं नाव मी गावी आमच्या म्हशीसमोरसुद्धा कधी घेतलं नाही.

गुणाजी : आणि नवरा पुढच्याच रांगेत.

तुळसा : आधी होते. नंतर बघितलं तर नव्हते.

गुणाजी : खाली वाकलो होतो. वहाणेत खडा गेला होता.

रघूची आई : तू वहाणा कधी घेतल्यास रे गुण्या?

गुणाजी : लोक बघत होते, काकी. दुसरं काय सांगू?

तुळसा : माझी जीभ टाळ्याला चिकटली. मागून पोरी ओरडायला लागल्या, उखाणा घे, उखाणा घे. मग निघालं तोंडातून.
'सहा दिवस भोंग्याचे, सातवा माझ्या लेकीचा,
गुणाजीरावांचं नाव घेते, वार द्या एक सुट्टीचा.'

रघूची आई : बरा जमलाय की.

तुळसा : बरा कसला? टाळ्या पडल्या, मी हात जोडले आणि उतरले. भाषण राहिलं पोटात. लग्नाच्या मांडवात आल्यासारखी लाजत होते म्हणे. अक्षता तेवढ्या पडायच्या बाकी होत्या.

गुणाजी : उद्या गिरणीत, आमच्या साचेखात्यात, माझी वरात. आत्तापासूनच 'या गुणाजीराव' सुरू झालंय. राव म्हणवून घ्यायला एक धड धोतर नाही माझ्याकडे.

रघूची आई : बरं, मग माझ्याकडे काय काम काढलंत?

तुळसा : अंगठा हवाय. कारकुनानं कागद दिलाय. आपल्या चाळीतल्या बायांचे अंगठे संध्याकाळच्या आत पोचवायचेत. तुम्ही दिलात तर बाकीच्या देतील. नाहीतर या कागदावर मी एकटी.

रघूची आई : आपल्या खात्यावरची मुकादमीण, ती नाईकीण, काय म्हणाली ते ऐकलंस ना? अंगठा दिला तिला कामावर घेणार नाही. बावीस वर्षं सूत गुंडाळतेय मी. आता मला दुसरीकडे कोण उभी करील? आणि सुट्टी घेऊन करायचं काय?

तुळसा : मी शांतीला बघीन.

रघूची आई : रोज बघतेस की.

तुळसा : झोपलेली बघते. पहाटे अफूची गोळी चाटवायची, टोपलीत घालायची, टोपली कामावर पायाशी ठेवायची. आज सभेसाठी खाडा केला म्हणून गोळी दिली नाही, पोरीला तुमच्याकडे ठेवली. आल्या आल्या तुम्हीच म्हणालात, हसली की हिच्या गालाला खळी पडते. दीड वर्षाची झाली पोर, काकी. मला ठाऊक नव्हतं.

रघूची आई : रघूला मी तसाच वाढवला. गोळी उतरली की समोर नाईकीण उभी. पोरगं पहिल्यांदा बोललं ते तिला आई म्हणालं. आता वडाळ्याला मिठागरावर असतो. सहा महिन्यांत फिरकला नाही. मी मात्र चाळभर रघूची आई.

गुणाजी : कामाला असेल, काकी.

रघूची आई : असेल. आणि एक सांगते. आज मला ताप आहे म्हणाले, ते खोटं. सभेला यायची भीती वाटली, म्हणून कपाळाला पट्टी बांधून बसले. तुझ्या पोरीनं ती सोडून खेळायला घेतली.

तुळसा : कागद बघा तरी. पहिलीच ओळ माझी आहे. अहो, तुम्ही दोन बुकं शिकलात ना, वाचा काकींना.

गुणाजी : थांब. 'रीळखातं. गुणाजी... याची बायको.'

तुळसा : पुढं?

गुणाजी : पुढं अंगठा.

तुळसा : तुळसा कुठं आहे?

गुणाजी : नाही.

तुळसा : नीट बघा. कोपऱ्यात वगैरे?

गुणाजी : नाही गो.

तुळसा : म्हणजे भर मैदानात तुमचं नाव घेतलं आणि माझं सांगायचंच राहिलं. भाषण विसरले ते परवडलं. काकी, घोकत होते त्यात तरी होतं का?

रघूची आई : भिंतीपलीकडे काही ऐकू आलं नाही.

तुळसा : घ्या. मी निघाले होते साहेबाला शहाणपण शिकवायला.

गुणाजी : ती शिसपेन्सिल दे. जागा आहे इथं. तु... ळ... सा. ळ जरा वाकडा झालाय. तुझं नाव मीही पहिल्यांदाच घेतलं बहुतेक. आजवर 'अगो'वरच भागलं.

तुळसा : असू दे वाकडा. वाचता येतो ना, मग झालं.

रघूची आई : तुळसा, त्या दिव्याची काजळी आण. थोडं तेल घाल त्यात.

तुळसा : काकी, नाईकीण?

रघूची आई : म्हणेन, तापात दिला.

गुणाजी : काय लिहू? रघूची आई?

रघूची आई : रघूनं कुठं सूत गुंडाळलंय? काशी लिही.

गुणाजी : काशीबाई?

रघूची आई : नुसतं काशी. आईनं तेवढंच ठेवलं होतं. लिहिलंस? आता जरा मोठ्यानं वाच.