छातीवरचं नाव

बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर बर्गरच्या दुकानाच्या गणवेशातल्या दोघी कामावर निघाल्या होत्या.

"ताई, काल तू आत तळणावर होतीस ना, तेव्हा एका गिऱ्हाइकाने माझ्या अंगावर कोल्ड्रिंक ओतलं. का, तर बर्फ जास्त!"

"मग?"

"मी म्हटलं, घरी आईवर पण असंच ओतता का?"

"अगं बाई! बरं केलंस पण. किती ऐकून घ्यायचं?"

"त्याने काय करावं? नुसतं छातीवरचं नाव वाचलं आणि मोबाइलमध्ये टिपून घेतलं."

"घेऊ दे. तक्रार गेलीच वर, तर मी बोलते साहेबांशी. तसंही आज त्यांनी मला लवकर बोलावलंय."

"तुला? कशाला?"

"बढतीचं असेल. कधीपासून गाजर दाखवतायत."

"ताई..."

"आता रडतेस काय वेडे? नाही जात तुझी नोकरी."

"माझी नाहीच जाणार. माझा नावाचा बिल्ला हरवलाय. त्याच्याशिवाय काउंटरवर उभं राहू देत नाहीत. तू तळणाला जाताना काढून ठेवतेस ना, तो लावला होता मी."

ताईचा हात छातीकडे गेला. बिल्ला जागच्या जागी होता.