लाल झाकणाचा डबा

कथील? कुठे लिहिलंय कथील? बघू, इकडे द्या तो कागद — हं. ‘बाहेरचा नमुना : कथील, शिसं, राळेचा धूर. घरातला नमुना : काजळी, लोखंड, तांबं, गंधकाचे क्षार.’ वा! चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त करतोय मी, ताई, कथील म्हणजे काय ते आता तुमच्या प्रयोगशाळेकडून शिकायचं! बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय हलतो — हो, जगाच्या वस्तू दुरुस्त करतो आणि घरातलं स्टूल तसंच. माझी लेकही हेच म्हणते, तुम्ही कशाला हसता?

मला एक सांगा, हवा कधी कुणी कागदावर पकडलीय? दोन प्लास्टिकचे डबे आणलेत, आत पंप घुरघुरतोय, पंपापुढे गोल पांढरा कागद — निळ्या झाकणाचा डबा घरात, लाल झाकणाचा खिडकीबाहेर. आठ दिवस हवा ओढली, कागद करडे झाले, तुम्ही घेऊन गेलात, आणि आता म्हणता की त्या करडेपणात काय काय आहे ते आम्ही वेगळं केलं. एकेक कण म्हणे केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढा! मोजला कुणी, पट्टी लावून? इतका बारीक की नाकात अडत नाही, थेट छातीत उतरतो — ऐकलंय, मागच्या वेळीच ऐकलंय, आणि माझ्या लेकीनं तर तोंडपाठ केलंय. त्या दिवशी तुमच्यासमोरच म्हणाली ना — धूर बाहेरचा निघाला तर डेपोविरुद्ध अर्ज करू, घरातला निघाला तर मी पोरीला घेऊन दुसरीकडे राहते. दुसरीकडे! जसं काही दुसरीकडे हवा धुऊन, घडी घालून ठेवलेली असते.

या, खिडकीशी या. हा बस डेपो. सकाळी सकाळी गाड्या चालू करून ठेवतात आणि चालक बाजूला गप्पा ठोकत उभे. त्या गजावरून बोट फिरवा. फिरवा ना, लाजता काय? झालं काळं? याला कुठली प्रयोगशाळा लागली? आमची भिंगरी खोकते ती यानंच. भिंगरी म्हणजे नात हो, सात वर्षांची, एका जागी बसेल तर शपथ — फक्त माझ्या टेबलाशी बसते. तासन्‌तास टॉर्च धरते माझ्यासाठी. ‘आजोबा, अजून खाली धरू?’ म्हणते, आणि वाकते अशी, अगदी हनुवटी टेकवून. सोल्डर वितळलं की जो धूर निघतो ना, तो तिला आवडतो — गोडसर वास असतो राळेचा. तिच्यासाठीच तर मी ही खिडकी बंद ठेवतो. बरं, वाऱ्यानं सोल्डरगनचं टोकही थंड पडतं, तो भाग वेगळा.

काय? बाहेर कथील कुठून आलं? मला काय विचारता, डेपोत विचारा! देत असतील कुणी रेडिएटरला कथिलाचा डाग. आणि राळ — असेल कशात तरी. मग घरातल्या कागदावर गाड्यांच्या ब्रेकचं तांबं कसं? आलं फटीतून. सगळं? हो, सगळं! आणि या टेबलावर दिवसभर सोल्डर वितळतं, तरी घरातल्या कागदावर कथील नावालाही नाही — हे बघा, हीच तुमच्या यंत्राची लायकी! असल्या भंगारावर तुम्ही माणसांची घरं मोडायला निघालात? तुमच्या त्या लाल झाकणाच्या डब्याची वायर कशी होती माहितीय? नुसती टेकवलेली! कुणी लावली होती? त्याला माझ्याकडे पाठवा, कान धरून शिकवतो. दुसऱ्याच दिवशी पंप अडखळायला लागला. मला असलं ऐकवत नाही, उघडला डबा आणि दिला डाग. बघा, काढा तुमच्या पिशवीतून, उघडा — आहे की नाही चकचकीत? असा टाका तुमच्या अख्ख्या प्रयोगशाळेत कुणाला जमणार नाही. इथेच बसून केला, या टेबलावर.

हो, लालच. बाहेरचा. मग?

इथे कसा आला म्हणजे — पंप अडखळला म्हणून आत घेतला. ऐकू कसा आला? खिडकी बंद असली म्हणून काय झालं, माझे कान... ताई, तो डबा खिडकीशी नेऊन काय बघताय? बोला काय बोलायचं ते.

बरं. इथेच होता तो. तुम्ही जिना उतरलात आणि मी डबे बदलले. निळा बाहेर, लाल इथे, टॉर्चच्या शेजारी. तुम्ही न्यायला यायच्या आधी पुन्हा जागच्या जागी ठेवले. झालं समाधान? आता विचारा — एवढी खात्री होती डेपोची, तर डबे बदलले कशाला. विचारा ना. लेक तर विचारणारच आहे, सहाला येते ती. तुमचे डबे यायच्या आधी शाळेला सुट्टी होती, पोरगी मावशीकडे गेली, पंधरा दिवसांत एकदा खोकली नाही म्हणे. मावशीच्या घरासमोरही रस्ताच आहे. गाड्याच आहेत. मला हिशेब कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? पण ती परत आली त्या दिवशी चपला न काढताच टॉर्च घेऊन इथे उभी — आता तिला कसं सांगायचं होतं मी, नको म्हणून? मग बोलायचं कुणाशी, नुसत्या रेडिओंशी?

सुधारा तुमचा कागद. हे वर, ते खाली. ‘बाहेरचा’ आणि ‘घरातला’, दोन शब्द तर आहेत. एवढ्याला दोन आठवडे लागले तुमच्या शहाण्यांना, मी एका मिनिटात —

काय गं भिंगरी? उठलीस? नाही, टॉर्च नको आज. नको म्हटलं ना. आत बस, आणि दार ओढून घे. घट्ट.

तुम्ही काय बघत उभ्या राहिलात? निघा. आणि तो सोल्डरगनचा प्लग — तुमच्या हाताशीच आहे — तेवढा काढा जाताना.