अक्षराच्या तापाचे दिवस

आजच्या समारंभाचे अध्यक्ष सिद्धलिंगअप्पा, व्यासपीठावरची डॉक्टर मंडळी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या डॉ. मंजुश्रीताई, आणि लातूर-उदगीरहून आलेल्या बंधू-भगिनींनो, सर्वांना शरणु शरणार्थी.

मी महानंदा. उदगीरला आमचं कापडाचं दुकान आहे. माईकपुढं उभं राहायची सवय नाही.

माझी अक्षरा बारावीत असताना तिला रक्ताचा कर्करोग झाला. केमो झाली, बरी झाली, आम्ही पेढे वाटले. आणि आजार परत आला! तेव्हा तिच्या डॉक्टर, या मंजुश्रीताईंनी, नवा उपचार समजावला. आपल्या रक्तात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात, पण कॅन्सर त्यांना ओळखू येत नाही, घरचाच वाटतो. म्हणून त्या बाहेर काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यात नवं जनुक घालायचं, म्हणजे कॅन्सरच्या अंगावरची खूण त्यांना दिसते. मग त्या वाढवून सलाइनसारख्या परत सोडायच्या.

माझे सासरे बसलिंगप्पा म्हणाले, "म्हंजे पोरीचंच रगत पोरीला औषद?"

"हो अप्पा. पण सगळ्यांना लागू पडत नाही. अन् लागू पडताना त्रासही होतो."

हे ऐकून कोणत्या आईला झोप लागेल?

हा उपचार इकडं होत नव्हता, म्हणून हैदराबादला गेलो, तिथं पेशी सोडल्या. एवढीशी पिशवी! नंतर ताप चढला, रक्तदाब खाली आला. तिथले डॉक्टर म्हणाले, पेशी लढू लागल्या, त्याचा हा ताप. आता तापाचा आनंद मानायचा की रडायचं, तुम्हीच सांगा.

नर्स तिला रोज उलटे अंक म्हणायला लावायची, एक वाक्य लिहून घ्यायची. अप्पा चिडले, "पोर तापानं फणफणायली, अन् ह्यान्ला परीक्षा सुचायली!" ताईंनी फोनवर सांगितलं, या उपचारात कधी मेंदूवरही परिणाम होतो, तो असा लवकर कळतो.

आणि एका दुपारी तिला पेनाला पेन म्हणता येईना. माझ्याकडं पाहिलं, पण 'आई' म्हणाली नाही. मी ताईंना फोन लावला, कसंबसं सगळं सांगितलं.

दुसऱ्या सकाळी ताई एसटीनं हैदराबादला हजर! औषध तिथल्या डॉक्टरांनी सुरू केलंच होतं. ताई नुसत्या माझ्याजवळ बसल्या.

"ताई, वाचंल का हो?"

"मला माहीत नाही, महानंदाताई. पण मी इथं आहे."

खोटा धीर दिला नाही, म्हणूनच मला धीर आला. हळूहळू औषधानं काम केलं. एके दिवशी अक्षरा म्हणाली, "आई, भूक लागली." अप्पा तोंड फिरवून रडले.

आज रिपोर्ट स्वच्छ आहे. पण शास्त्र नवं आहे, पुढचं छातीठोक कुणीच सांगत नाही. सोमवारी पुन्हा तपासणी आहे, आणि ताईंची बदली झाली. खरं सांगू? निरोप द्यायला मन तयार नाही.

मला बोलू दिलंत, आपले आभार. जास्त-कमी बोलले असेन तर लेकीची आई म्हणून पदरात घ्या. आणि ताई, सोमवारी माझा फोन येईल. रिपोर्ट कसाही असो, उचला.