देवाच्या तसबिरींमागे गेलेल्या सह्या

नाव रुख्माबाई भैयाजी रहांगडाले, वय अंदाजे ४४, धंदा शेती, शिक्षण नाही, राहणार मौजा बोदलटोला, ठाणे सालेकसा, तहसील गोंदिया, जिल्हा भंडारा. तारीख २२ नोव्हेंबर १९५८, शनिवार.

ठाण्यात स्वतः हजर होऊन सांगते की, दुलीचंदनं माझ्या नवऱ्याच्या सात फोटोंवर कात्री चालवली आणि वरून म्हणतो, "कागदच तं होता बाई, तुह्या पोराचा कान थोडी कापला?" सकाळपासून तीन वेळा सांगून राहिली, जमादारसाहेब लिहून नाही राहिले. आता लिहितो म्हणाले, म्हणून पहिल्यापासून सांगते.

दुलीचंद हा नवऱ्याचा चुलतभाऊ, नात्यानं माझा भासरा, म्हणजे मोठा दीर. धानाचा व्यापार करतो. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, तिचा कारभार त्याच्याकडे आहे. माझा नवरा भैयाजी पहिले दंडारीच्या नाटकात पेटी वाजवायचा. सन ४९ मध्ये गोंदियाच्या एका राईस मिलच्या पट्ट्यात त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. पेटी आम्ही विकली.

सन ५१ मध्ये गोंदियाला मोठ्या गवयांचा जलसा झाला. नवरा ऐकायला गेला होता. तिथं नागपूरचे शेवडेसाहेब आले होते, पेपरात ज्यांचे फोटो छापून येतात ते. त्यांच्या दिव्याचा दांडा मोडला. नवऱ्यानं दोन दिवस तो दिवा डाव्या हातानं उंच धरून ठेवला. साहेब म्हणाले, "तुमचा हात हलत नाही." हे नवऱ्यानं घरी येऊन सांगितलं. किती वेळा सांगितलं ते मोजलं नाही.

तेव्हापासून दर साली नवं धान निघालं की नवरा दोन पायल्या बारीक, वासाचा चिन्नोर तांदूळ रेल्वेनं नागपूरला पाठवायचा आणि साहेब एक मोठा फोटो पाठवायचे. पोरांनी जाडा तांदूळ खाल्ला, चिन्नोर नागपूरला गेला. फोटो गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे. एक तबलजी, एक सारंगीवाले म्हातारे, एक बाई तोंडावर हात धरून हसणारी, असे सात. त्यांची नावं माझ्या तोंडी बसत नाहीत. नवरा नाव घेताना कानाला हात लावतो. प्रत्येक फोटोखाली पांढरी पट्टी, त्या पट्टीवर साहेबांची शाईची सही आणि साल. फोटो कोणाजवळही असतात, सही साहेबांनी मोजक्यांनाच दिली, असं नवरा सांगायचा.

तारीख ५ रोजी नवरा धान कापायला बांधीत गेला असता दुलीचंद घरी आला. म्हणाला, "मंडईत मांडव सजवतो, फोटो दे. भैयाचं नाव होईल." मी ट्रंक उघडून सातही दिले. नवऱ्याला विचारलं नाही. दर इतवारी सात फोटो काढायचे, पुसायचे, ठेवायचे, आणि माझी कोठी लिंपायची पडून. मला वैताग आला होता. संध्याकाळी नवरा म्हणाला, "देलेस तं देलेस. वापस आणजो." 

तारीख १५ रोजी मंडई होती. भाऊबीजेचे पाहुणे गावात होते, खूप गर्दी. मांडवात आठ फोटो टांगले होते. सात आमचे, देवांच्या जुन्या फ्रेमांत बसवलेले, खालच्या पट्ट्या छाटून. आठवा दुलीचंदचा स्वतःचा, गोंदियाच्या स्टुडिओत पेटी पुढे घेऊन काढलेला, आणि त्याच्याखाली शेवडेसाहेबांची सही चिकटवलेली. नवऱ्यानं पाहिलं. म्हणाला, "दादा, हे पट्टी सारंगीवाल्याची हाये. चव्वनची."

दुलीचंद भोंग्यावर बोलला, "आयका हो! भैया म्हणते सही त्याची हाये. सही कलाकाराजवळ शोभते. ये भैया, बस पेटीवर. वाजव अना घेऊन जाय." लोकांनी धरून त्याला वर बसवलं. नवऱ्यानं वाजवलं. डावा हात भात्यावर आणि उजव्याची दोन बोटं पट्ट्यांवर. सूर येत होते, मधे सुटत होते. लोक हसले. उदाराम सोंगाड्यानं मागं बसून तशीच दोन बोटं हवेत नाचवली, तर आणखी हसले. नवऱ्यानं पूर्ण वाजवलं, मग उतरला. दुलीचंदनं सही दिली नाही. म्हणाला, "हे वाजवनं झालं का?"

आपण विचारल्यावरून सांगते की, मी बायांमध्ये समोरच बसून होती. मीही हसली.

फ्रेमवाला मंगरू याला मी दुसऱ्या दिवशी विचारलं. तो म्हणाला, "म्या शेटले इचारलं, अक्षरं कापू का? काप म्हणाले. कागद मस्त जाड होता, फेकू कायले?" फ्रेमच्या मागून धूळ जाऊ नये म्हणून कडेला कागद चिकटवतात. बाकीच्या सहा सह्या त्यानं सहा देवांच्या फ्रेमांमागे खळीनं चिकटवल्या आणि त्या फ्रेमा मंडईत विकल्या. पाच दिवस मी घरोघर जाऊन फ्रेमा उलट्या केल्या. देवकाबाई म्हणाली, "देव पालथे घालून का पाहून राहिली व? नवऱ्यासंगं तूही येडी झाली का?" दोन सापडल्या. त्यातली एक निघताना फाटली. चार पाहुण्यांसोबत गावोगाव गेल्या.

फोटो दुलीचंदनं परत पाठवले. नवऱ्यानं ते भिंतीकडे तोंड करून ठेवले आहेत. तो कामावर जातो, जेवतो. मला रागानं बोलला नाही. बोलला असता तर मी ठाण्यात आली नसती.

काल शेवडेसाहेबांचं कार्ड आलं. पोरीनं वाचून दाखवलं. पावसाळ्यात साहेबांच्या घरी पुराचं पाणी शिरून, ज्यांवरून फोटो छापतात त्या त्यांच्या जुन्या काचा खराब झाल्या. आमच्या सात फोटोंवरून पुन्हा फोटो काढायला ते इतवारी, तारीख ३० ला, स्वतः येणार आहेत. लिहिलं आहे की, तुमच्याजवळ ते जपून असतील याची मला खात्री आहे. कार्ड नवऱ्याला दाखवलं नाही. इथं हजर करते. वाचून मला परत द्या.

जमादारसाहेब म्हणतात, तू आपल्या हातानं दिले, ही चोरी होत नाही. नाही होत तर नाही म्हणून लिहा. पण दुलीचंदनं तो आठवा फोटो आता घरच्या भिंतीवर लावला आहे, त्याखालची सही आमची आहे. ती पाण्यानं भिजवून सोडवून द्यायला त्याला बोलवा, नाहीतर तो देत नाही असं मला कागदावर द्या.

जबाब जमादारसाहेबांनी मोठ्यानं वाचला, मी ऐकला, बोलली तसाच आहे. "मीही हसली" हे खोडू का, त्याची गरज नाही, असं त्यांनी विचारलं. राहू द्या म्हटलं. अंगठा देते. उत्तर शुक्रवारी, तारीख २८ ला, दिवस बुडायच्या आत पाहिजे. शनिवारी मला ते कार्ड नवऱ्याच्या हातात द्यावं लागेल.